मॅक तो मॅक, दाजी!

नाही, पण मला सांगा, चारचौघांत माणसाची ओळख अशी करून देतात? समोर नवीन गिऱ्हाईक बसलंय, साबणाच्या कारखान्याची मालकीणबाई, चष्मा पुसत शांतपणे बसलीय, आणि हा माझा मेहुणा, म्हणजे आमच्या हिचा सख्खा धाकटा भाऊ, माझ्या खांद्यावर हात ठेवतो, आवाज जरा खाली आणतो आणि म्हणतो, "आणि हे आमचे दाजी. हे... पीसीवर करतात." हे पीसीवर करतात! अहो, 'यांना जरा कमी ऐकू येतं' हे लोक ज्या आवाजात सांगतात ना, त्या आवाजात! आणि ती बाई माझ्याकडे वळून चांगली मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अस्सं काऽऽ? बरंऽऽ आहे!" म्हणजे तिला खरंच तसं वाटलं! त्याच क्षणी मी मनात म्हटलं, थांब बेट्या, याचा वचपा काढला नाही तर नावाचा दाजी नाही. कारण तुम्हाला सांगतो, मी विसरणाऱ्यातला माणूस नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून एवढं? एवढ्यावरून नाही हो! आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. दाराशी हिचं टेबल, गिऱ्हाईक सांभाळणं, फोन, छापखान्याला फायली पाठवणं हे सगळं तिच्याकडे. खिडकीपाशी माझं टेबल. खोकी, वेष्टणं, बाटल्यांची लेबलं, हे सगळं मी वर्षानुवर्षं तिथे बसून केलंय, आणि कशावर केलंय? मी स्वतःच्या हाताने जुळवलेल्या पीसीवर. एकेक भाग निवडून आणलेला. आज मेमरी वाढव, उद्या डिस्क बदल, परवा पंखा. आता त्यात पहिल्या दिवसाचं काय शिल्लक असेल तर बाहेरचा पत्रा आणि माझी मायला... माया! माया म्हणायचं होतं मला. बघा, तोंडातून काय निघतं माणसाच्या!

तर अशा सुखाच्या खोलीत हा आला. शिकून आला, आणि येताना मॅक, म्हणजे तो सफरचंदाच्या खुणेचा महागडा कॉम्प्युटर, घेऊन आला. खोका उघडला तो कसा? बाळंतिणीच्या खोलीत बाळ बघतात तसा! कडेने हळूच कापलं, झाकण उचललं, मऊ फडकं बाहेर काढलं, आणि मग म्हणाला, "दाजी, हात धुतलेत?" मी म्हटलं, का रे बाबा, जेवायला वाढतोयस? तर म्हणे, "नाही, बोटं उमटतात." आणि लागलीच माझ्या पीसीकडे बघून, "तुमचा हा डबा फार आवाज करतो हो. विमानतळावर बसल्यासारखं वाटतं." डबा! त्या दिवसापासून माझ्या पीसीचं नाव डबा. हीसुद्धा म्हणायला लागली, "अहो, डबा बंद करा, फोनवर ऐकू येत नाही." आणि काहीही झालं, कशावरूनही विषय निघाला, की याचं आपलं एकच पालुपद, "मॅक तो मॅक, दाजी!" फाइल उघडली, "मॅक तो मॅक, दाजी!" फाइल नाही उघडली, तरी, "तुमच्याकडून आलीय ना, डब्यातली असणार. मॅक तो मॅक!" अरे, देवाचं नाव इतक्या वेळा घेतलं असतंस तर तरला असतास!

बरं, भांडणाला कारणंही रोजची. त्याने केलेली फाइल मी उघडावी तर अक्षरं बदललेली. मी केलेली त्याने उघडावी तर ओळी एकमेकींच्या अंगावर. त्याचं बघून मी म्हणायचं, "तुझ्या मॅकने बिघडवलं," त्याने म्हणायचं, "डब्याने." शेवटी ही वैतागली. कंबरेवर हात! मी ती कंबर ओळखतो. "हे बघा, घरात दोन चुली नकोत आणि स्टुडिओत दोन जातीचे कॉम्प्युटर नकोत. साबणवाल्या बाईंना वेष्टण हवंय ना? दोघंही करा. त्या ज्याचं पसंत करतील त्याचं मशीन राहील. दुसऱ्याने आपलं उचलायचं आणि तोंड बंद ठेवायचं." म्हणजे बघा, साबण राहिला बाजूला, पणाला लागला माझा पीसी!

आणि बाई कशी? फार चोखंदळ. आपल्या गॅलरीतल्या कुंडीतलं एक पान पर्समधून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मला हा हिरवा हवा." आम्ही बघितलं तर पान सुकून मान टाकलेलं. तर म्हणते, "हा नव्हे हो, हा सुकायच्या आधीचा." घ्या! आता सुकायच्या आधीचा हिरवा मी पाहिलाय का? पण तुम्हाला सांगतो, मी तो काढला. डोळ्यांत तेल घालून काढला. तसली कुंडी शोधून आणली, खिडकीत ठेवली, पानाशेजारी स्क्रीन, स्क्रीनशेजारी पान, करता करता असा हिरवा जमला की पान कुठलं आणि स्क्रीन कुठली! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिरवा होता तो. मी तिथे थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर आज इथे तुमच्यापुढे रडत बसलो नसतो.

पण ते 'हे पीसीवर करतात'! ते कानात घुमतच होतं. आणि मी विसरणाऱ्यातला आहे का? नाही!

आता प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते, डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन जरा पिवळसर करायची. माझ्यात आहे, त्याच्यात आहे, तुमच्या मोबाइलमध्येसुद्धा असेल. चांगली सोय आहे. पण रंगाचं काम करणाऱ्याच्या स्क्रीनवर ती चालू राहिली तर? तर त्याला सगळं पिवळं दिसणार, तो पिवळं कमी करणार, वर निळं ओतणार, स्क्रीनवर मस्त दिसणार आणि छापून आलं की... हाहा! निळंशार! म्हटलं, वा! तुझाच मॅक, तुझीच फजिती! काट्याने काटा!

मेहुण्याला एक सवय आहे, जेवण झालं की फोन कानाला लावून जिन्यात फेऱ्या मारायच्या. तो जिन्यात गेला की मी त्याच्या टेबलावर. आधी हात धुऊन, बरं का! बोटं उमटली की पकडलो! आणि ते मशीन! अहो, माझ्याकडे सगळं खाली, याच्याकडे सगळं वर! खिडकी बंद करायची फुली माझ्याकडे उजवीकडे, याच्याकडे डावीकडे ठिपका! स्वतःच्याच घरात कोणीतरी दारं उलटी बसवल्यासारखं झालं मला. पण सापडलं. आणि एकदम नाही हं केलं, एकदम केलं तर कळेल. रोज केसभर. आज केसभर, उद्या केसभर. डोळे कसे असतात, हळूहळू दिलं तर काहीही गिळतात. शेवटी शेवटी तर स्क्रीन अशी झाली होती की लिंबाच्या सरबतातून बघावं, आणि हा पठ्ठ्या त्याच्यासमोर बसून म्हणतोय, "काय रंग आहेत, दाजी! मॅक तो मॅक!" मी इकडे रुमाल तोंडात कोंबून हसतोय!

एकदा मात्र जीव गेला होता. हात माउसवर आणि मागे ही! "अहो! तुम्ही त्याच्या टेबलावर काय करताय?" काय सांगू? शेजारी ते मऊ फडकं दिसलं. उचललं. म्हटलं, "धूळ पुसतोय." "तुम्ही? धूळ? त्याच्या मॅकवरची?" म्हटलं, "हो. रोज पुसतो. लहान आहे तो, त्याच्या लक्षात नाही राहत." आणि तुम्हाला सांगतो, हिचे डोळे भरून आले हो! लग्न झाल्यापासून माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मीही जरा हळवा झालो. पण फडकं ठेवलं, ती वळली, आणि जाता जाता आणखी केसभर सरकवलं.

झालं. दोघांच्या फायली एका फोल्डरमध्ये, हिने छापखान्याला पाठवल्या. बाईंसमोर छापखान्यातच नमुने बघायचे ठरले. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, सुडाच्या दिवशी माणूस नीट दिसला पाहिजे! बाईंनी या वेळी कुंडीच आणलेली, हातात धरून, टवटवीत. छापखानेवाल्याने मेहुण्याचा नमुना काढला. मी टाचा उंचावून... आता निळा येणार, आता बाई किंचाळणार, आता मी म्हणणार, "मॅकवर केलंय ना, असं व्हायचंच," वाक्य पाठ होतं माझं! आणि नमुना निघाला... हिरवा. पानासारखा हिरवा! बाई पान लावून बघतायत आणि म्हणतायत, "अगदी हाच! हाच तो!"

मग छापखानेवाल्याने माझा काढला. तो बघून तोच दोन पावलं मागे सरला! निळा हो! गर्द निळा! बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे वळून, पुन्हा तशाच सुट्या सुट्या शब्दांत, "अहोऽऽ, हा साबण लावून माणूस आंघोळ करेलऽऽ, की गारठून मरेलऽऽ?"

माझा हिरवा! माझा आयुष्यातला हिरवा! गेला कुठे? तर हा मेहुणा माझ्या कानाशी येतो आणि म्हणतो, "दाजी, माझंच चुकलं हो. ताईने सांगितलं, तुम्ही रोज माझा मॅक पुसता. मला इतकं भरून आलं! म्हटलं, आपण यांच्या पीसीला डबा म्हणतो आणि हा माणूस... म्हणून तुमची फाइल जायच्या आधी माझ्या मॅकवर उघडून बघितली, तर फारच पिवळी दिसत होती. म्हटलं, डब्याने घोळ केलाय, दाजींची फजिती नको. सगळं पिवळं काढून दुरुस्त करून ठेवली. तुम्हाला सरप्राइज!"

सरप्राइज! तरी मी विचारलं, "आणि तुझी? तुझी नाही पिवळी दिसली?" तर म्हणतो, "दिसली की. पण मी रंग स्क्रीनवर बघून ठरवतच नाही, दाजी. छापखान्याचं शेडकार्ड, छापील रंगांचं पुस्तक असतं ना, त्यातला रंग निवडतो आणि त्याचे आकडे टाकतो. तुमचा हिरवा त्यात सापडेना, म्हणून तुमची तेवढी डोळ्यांनी बघून केली. एरवी स्क्रीनवर कोण विश्वास ठेवतो?"

ऐकलंत? ऐकलंत तुम्ही? इतके दिवस मला 'काय रंग आहेत, दाजी' म्हणून टोचणारा माणूस स्वतः रंग बघतच नव्हता! आणि मला बोलता येतंय का? काय बोलू? 'अरे, ती स्क्रीन मी पिवळी केली होती' असं बाईंसमोर, हिच्यासमोर, छापखानेवाल्यासमोर सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे!

परत आल्यावर, ठरल्याप्रमाणे, पीसी मीच बंद केला. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. पंखा थांबला आणि खोली एवढी गप्प झाली, तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. लपवत नाही, आलं. ही म्हणाली, "अहो, फोनवर किती छान ऐकू येतंय आता." बरोबर आहे, यायलाच हवं.

मग मेहुण्याने नवा मॅक आणला. आणि जुना? जुना दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या, दाजी. तुम्हीच जपलात ना याला. फक्त स्क्रीन जरा पिवळी पडलीय, वय झालं. सवय होईल." आणि ते मऊ फडकं वर ठेवलं!

तुम्ही म्हणाल, मग ती सोय बंद कर ना बाबा! एक क्लिक! अहो, केलं की! कोणी नव्हतं तेव्हा केलं, स्क्रीन पांढरीशुभ्र झाली, सुख वाटलं. तेवढ्यात हा मागून, "अरेच्चा! दाजी! स्क्रीन एकदम स्वच्छ? काय केलंत? कुठे काय होतं?" आणि ही दाराशी मान वर करून बघतेय. त्या नजरेत अजून तो फडक्याच्या दिवशीचा ओलावा आहे हो! तो कसा घालवू? म्हटलं, "काही नाही रे, खिडकीतून ऊन आलं असेल." आणि तो वळताच, माझ्या याच हाताने, पुन्हा चालू केलं. सगळंच्या सगळं. केसभर नाही.

आता बसलोय त्याच्यापुढे. काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, मी तर बिनकाविळीचा बसलोय. आणि मी विसरणाऱ्यातला नाही, हे ध्यानात ठेवा! मेहुण्याच्या नव्या मॅकवर माझी नजर आहे, तो जेवून जिन्यात गेला की... पण ते पुढे बघू, कारण सकाळीच साबणवाल्या बाईंचा फोन आला. नवा साबण काढतायत. हिने मोठ्या प्रेमाने ते काम माझ्यावर सोपवलंय, म्हणाली, "हे तुम्हीच करा. तुमच्यावर अन्याय झालाय मागच्या वेळी." मी खूश होऊन विचारलं, "कसला साबण गं?"

लिंबाचा.

वेष्टण पिवळं हवंय. बाई म्हणाल्यात, लिंबू पिकायच्या जरा आधीचं पिवळं. आणि मेहुणा तिकडून काय ओरडला माहितीये?

जाऊ द्या. तुम्हाला माहितीये.