टॅबवरचं प्लास्टिक

शाळा समितीच्या आदरणीय अध्यक्षबाई, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे मुख्याध्यापक सर, शिक्षक, पालक आणि मुलांनो, सर्वांना नमस्कार.

मी इथल्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. माझे यजमान याच शाळेत विज्ञान शिकवायचे. आत येताना शिपाईभाऊ कानाशी म्हणाले, “वहिनी, निरोपाचा समारंभ आहे, गोड बोला हं.” म्हटलं, “गोड बोलायला बाकीचे आहेत की.”

सर वस्तू फार जपतात, असं आताच पाहुणे म्हणाले. अगदी खरं. डिजिटल शिक्षणाचं धोरण आलं, त्यासोबत टॅब आले. सरांनी ते कपाटात ठेवले, स्क्रीनवरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही. तपासणी आली की मुलांच्या हाती एकेक टॅब. “धरा, पण बोट लावू नका.” फोटो झाला की टॅब परत कपाटात. तुम्ही ते फोटो पाहिलेत? मुलं काळ्या काचेकडे बघून हसताहेत. त्या फोटोंवर सरांना आदर्श मुख्याध्यापकाचा पुरस्कार मिळाला.

माझ्या यजमानांनी मात्र धोरण वाचलं होतं. एका तपासणीनंतर त्यांनी टॅब परत दिले नाहीत. प्लास्टिक सोलून मुलांना वापरू दिले. एकाची काच तडकली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला, सगळ्या मुलांसमोर, सरांनी त्यांना माफी मागायला लावली. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, “अगं, वर्गात कधी तोंड न उघडणारी ती पोरगी काल स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकत होती.”

त्या वर्षीच ते गेले. त्याचं खापर मी सरांवर फोडत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण त्या माफीनंतर त्यांनी शाळेत वर मान केली नाही, हे मी पाहिलंय. सर, तुम्हीही पाहिलंय. मग धोरणाचं ते पुस्तक मीच शब्द न् शब्द वाचून काढलं. टॅब कपाटात ठेवा, असं त्यात कुठेच नाही.

सर, उठू नका. वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येतोय ना? अध्यक्षबाईंनी काल कपाट उघडून दिलं. टॅब रात्रभर चार्जिंगला होते. काही उठलेच नाहीत, न वापरताच गेले. उरलेल्यांचं प्लास्टिक मुलं सोलताहेत. सगळ्यांच्या पुढे आहे ती स्वतःचा आवाज ऐकणारी पोरगी. आता दहावीत आहे, आणि ऐकताय ना, केवढ्यानं बोलते.

अध्यक्षबाईंचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, माइकवाल्या दादांचेही आभार. कमी-जास्त बोलले असेन तर बाकीच्यांनी मला क्षमा करावी. सरांकडे मी मागत नाही. आमच्या घरातून एकदा मागून झाली आहे.

सर, तुमची भेट मुलं घेऊन येताहेत. सोललेलं सगळं प्लास्टिक आहे. जपून ठेवा. जपण्यात तुमचा हात कोण धरणार?