मेणाच्या खालची पालवी

मेबल : अरे, नीट बघ ना एडविन. एवढी हिरवीगार पालवी, खोटी कशी असेल?

एडविन : पालवी खरीच आहे गं ताई. पण कलमाच्या सांध्यावर लावलेल्या मेणाच्या खाली फुटलीये. म्हणजे कलमाची नाही, खुंटाची. रानटी. वरची काडी आहे तशीच आहे, कोरडी ठणठणीत.

मेबल : अगं बाई! मी बाबांना महिन्यापूर्वीच फोनवर सांगून बसले, आईचं झाड जगलं म्हणून!

एडविन : टॅक्सी केव्हा येतेय त्यांची?

मेबल : हॉस्पिटलातून निघालेत, एव्हाना पोचतील. बाकीच्या काड्या केव्हाच काळ्या पडल्या, ही एकच उरलीये.

एडविन : पडलेल्या झाडाची एखादी फांदी...

मेबल : कुठलं झाड? वादळात आडवं झालं आणि लगेच करवत घेऊन धावलास! अख्खा हिवाळा शेकत बसलो त्याच्यावर.

एडविन : तूच म्हणालीस, कलमासाठी काड्या काढून झाल्यात. आता माझ्यावर नको ढकलू.

मेबल : लग्न होऊन आली तेव्हा आईनं माहेरच्या किंग्स्टन ब्लॅक सफरचंदाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिच्या माहेरच्या बागेत आता बंगले उभे आहेत. ही सुकली की संपलं. मग कुठलं सफरचंद आणि कुठली त्याची दारू, सायडर!

एडविन : सांगूच नकोस ना. पान दाखव, चहा पाज आणि आत ने.

मेबल : जन्मभर कलमं बांधलेल्या माणसाला फसवू? आपल्याच बापाला?

(फाटकाशी टॅक्सी थांबते. बाबा काठी टेकत थेट बागेत येतात.)

बाबा : चहा नंतर. कलम कुठेय?

मेबल : हे काय, इथेच. पण बाबा, आधी ऐका ना...

बाबा : हं. मेणाच्या खाली.

मेबल : चुकलं माझं. मला खरंच वाटलं हो...

बाबा : मला फोनवरच कळलं होतं. एप्रिल लागला नाही तर म्हणे पालवी! तुझ्या आईचं झाड मे उजाडल्याशिवाय कधी डोळा उघडायचं का?

मेबल : मग तेव्हाच का नाही बोललात?

बाबा : वादळानंतर पहिल्यांदा हसत होतीस, बये. एडविन, ती खालची पालवी खुडून टाक. सगळा रस हीच गट्ट करतेय, वरचीला काय उरणार?

एडविन : वरची साल जरा नखानं खरवडून बघू? आत हिरवं असलं तर...

बाबा : खबरदार! इवलीशी काडी ती, तिला काय सोलतोस?

मेबल : मग जिवंत आहे की नाही, कळायचं कसं? मला नाही धीर धरवत.

बाबा : मला कुठे धरवतोय? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझा.

एडविन : आणि नाहीच फुटली तर?

बाबा : खुर्ची आण एक. अरे, तिथे नको, उन्हाच्या बाजूला ठेव. ऊन लागून सुकेल ती काडी, माझी सावली पडू दे तिच्यावर.