गुरुवारी बंद पडलेला ताल

चहा निवू दे, आधी माझ्या नातीच्या, आमच्या स्वराच्या गाण्याचं ऐका.

कुरुळीत तिच्या शाळेला लागून एक वर्कशॉप हाय. तिथलं पत्रा दाबायचं मशीन दिवसभर धाड... धाड करतं. गाण्याच्या नव्या बाई पहिल्याच दिवशी कावल्या. मग पोरांना म्हणाल्या, "ते काही गप्प बसायचं नाही. त्याच्यावरच टाळ्या द्या." सोमवार-बुधवार तास व्हायचा. महिन्याभरात दुसरीची पोरं अशी तालात आली की एक टाळी इकडंतिकडं न्हाई.

पोरांचे बाप त्याच वर्कशॉपात कामाला, त्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून कार्यक्रम गुरुवारी ठेवला. पटांगण भरलं. बाईंनी हात वर केला, पण पोरं गप्पच.

"अरे, सुरू करा ना!" बाई हळूच म्हणाल्या.

माझी नात मोठ्यानं म्हणाली, "बाई, मशीन कुठं सुरू झालंय?"

बापांना सुट्टी म्हणजे मशीनलाबी सुट्टी, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! लोक हसायला लागले. बाईंचं तोंड उतरलं.

मी पुढंच बसले होते. काठी उचलली आन् फरशीवर हाणली. धाड... धाड. पोरांनी गाणं उचललं ते थेट शेवटपर्यंत नेलं.

बाई धावत आल्या. "आजी, इतका पक्का ठेका कुठं शिकलात?"

म्हटलं, "शिकतेय कुठली! वर्कशॉपच्या भिंतीला माझं घर हाय. वीस वर्षं त्याच ठेक्यावर शिव्या देतेय."