चार नंबरची मशीन आणि हिरवा दिवा

माह्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. कापसाच्या जिनिंगात चार नंबरच्या मशीनचं बेअरिंग जळल्याचा वास येऊन राह्यला होता, अन् बाजूलेच कापसात आठ बाया बसल्या होत्या.

मॅनेजर विनायकराव मोबाईलवर मशीनची गरमी सांगणारा दिवा दाखवून म्हणे, "सेन्सर हिरवा आहे. तुले कम्प्युटरपेक्षा जास्त समजते काय?"

"हात लावून पाहा न, साहेब!"

त्यानं लावला नाही. मीच बटन दाबून मशीन बंद केली. आत कापूस धुमसून राह्यला होता. सेन्सर बाजूच्या बंद, थंडगार मशीनले चिकटलेला.

धावत आलेले मालक गरजले, "कोणं हलवला?"

"बायांनी, झाडताना," विनायकराव पटकन बोलला.

"खोटं!" मी म्हटलं. "दसऱ्याच्या पूजेत हळद-कुंकू लावाले काढला, अन् मंग भलत्याच मशीनले चिकटवला. पूजा कोणं केलती, विचारा सगळ्यायले!"

आठही बाया एकदम बोलल्या, "विनायकरावनं!"