मार्था हवापालटाला गेली

अनुपमा : ...आणि वर डोळ्यांत पाणी! पुस्तक वाचायचं नाही, पण त्याच्यावर रडायचं मात्र. नाटकी कुठली!

सौरभ : अगं, चप्पल तरी काढ. दारातच सुरू झालीस.

अनुपमा : तू होतास ना मागे, वड्यांच्या ताटापाशी? ऐकलंस ना एकेकाचं? आपल्या वाचन ग्रुपचा हा महिना ब्रिटिश लेखकांचा. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचून यायची, पाच मिनिटं बोलायचं, मी घंटी वाजवली की बसायचं. इतकं सोपं. तर तो राजेश म्हणतो, "चहाचं वर्णन छान आहे." दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने जीव ओतून कादंबरी लिहिली आणि ह्याला दिसला काय, तर चहा! आणि ती गंधाली? पुस्तक, कॉफीचा मग, बाजूला मोगरा, असे फोटो टाकत होती महिनाभर. वाचून काय वाटलं विचारलं, तर म्हणे, "खूपच ब्रिटिश वाटलं गं." मग काय मालवणी वाटणार होतं?

सौरभ : मालवणी असतं तर पहिल्या पानावर कोणीतरी जेवायला बसलं असतं.

अनुपमा : तू गप. ह्या अख्ख्या दिंडोशीत एक धड वाचणारा माणूस मिळेल तर शपथ! पण आज कळस केला तो आपल्या दीप्तीने. म्हणे, कादंबरीतली मार्था भर दुपारी नवऱ्याचं घर सोडून निघते, तो भाग तिने चारचारदा वाचला. कुठला भाग? मी तीनदा वाचलंय पुस्तक. मार्थाची तब्येत बिघडते, ती बहिणीकडे हवापालटाला जाते. संपलं.

सौरभ : म्हणून तू घंटी वाजवलीस.

अनुपमा : वाजवणारच.

सौरभ : दोन मिनिटांतच.

अनुपमा : थापा मारायला पाच कशाला लागतात?

सौरभ : घंटीचं सोड. नंतर जे बोललीस ना माइकवर...

अनुपमा : काय बोलले? "दीप्ती, स्वतःचा मोडका संसार पुस्तकात घुसवू नकोस." खरं तेच बोलले.

सौरभ : अनु, कोणीतरी मागून हसलं. नवऱ्याला सोडून आईकडे आल्यापासून वर्षभर ती कोणात मिसळली नव्हती. लिफ्टमध्ये कोणी दिसलं तर जिन्याने जायची. तूच तिला ओढून आणलंस ग्रुपमध्ये.

अनुपमा : शाळेपासूनची मैत्रीण म्हणून आणलं. पण म्हणून थापा ऐकून घ्यायच्या? आपली प्रतसुद्धा घेतली नाही तिने. लायब्ररीतून मराठी अनुवाद आणला, हा एवढा ठोकळा. अनुवादकाने घातलं असेल काहीतरी पदरचं. आपल्याकडे बाईला घराबाहेर काढल्याशिवाय चैन पडत नाही कोणाला.

सौरभ : तिचा ठोकळा. आणि आपलं पुस्तक केवढंसं?

अनुपमा : नेटकं लिहायची ती बाई. मी बोलले ना त्यावर, "एक शब्द फुकट नाही." टाळ्या पडल्या.

सौरभ : पडल्या. अनु, एक सांगू? ओरडू नकोस.

अनुपमा : ओरडण्यासारखं असेल तर ओरडणार.

सौरभ : सगळ्यांना सारखीच प्रत हवी म्हणालीस, म्हणून मी अंधेरीच्या फुटपाथवरून एकगठ्ठा उचलून आणल्या. तू त्याच संध्याकाळी बसून सगळ्यांवर ग्रुपचे स्टिकर लावलेस. जांभळे. आठवतं?

अनुपमा : झकास दिसतात. त्यांचं काय?

सौरभ : तुझ्या प्रतीवरचा काढ.

(नखाने कागद खरवडल्याचा आवाज.)

अनुपमा : "संक्षिप्त... शालेय आवृत्ती... इयत्ता आठवीसाठी." सौरभ!

सौरभ : मलाही आजच कळलं. खुर्च्या आवरताना एका प्रतीचा स्टिकर निघालेला दिसला.

अनुपमा : आठवीच्या पोरांना बायको घर सोडताना दाखवायची नाही, म्हणून तिला हवापालटाला पाठवली. अरे देवा. आणि मी माइकवर "नेटकं, नेटकं" करत होते! अक्कल गहाण टाकली होतीस का रे विकत घेताना? गाढवा, दोन पानं उघडून बघता आलं नाही?

सौरभ : मी नाही उघडलं. तू तीनदा वाचलंस.

अनुपमा : ...कोणाला बोललास?

सौरभ : नाही.

अनुपमा : मग बोलूही नकोस. पुढच्या महिन्यात दुसरं पुस्तक येईल, विसरतील सगळे. त्यांना काय, राजेशला चहा आणि गंधालीला मोगरा.

सौरभ : आणि दीप्तीला?

अनुपमा : तिला करते फोन. आत्ताच. मी सांगितलं की समजून घेईल ती.

सौरभ : स्पीकरवर लाव.

दीप्ती : बोल.

अनुपमा : दीपू, अगं, एक गंमत झाली...

दीप्ती : गंमत?

अनुपमा : गंमत नाही, गोंधळ. सौरभने शाळेतल्या पोरांची आवृत्ती आणली. कापलेली. तो भाग आमच्यात नव्हताच. तू खरं बोलत होतीस.

दीप्ती : मी खरं बोलत होते हे मला माहीत होतं.

अनुपमा : सॉरी ना यार.

दीप्ती : माझं घर माइकवर काढलंस आणि सॉरी कानात सांगतेस?

अनुपमा : मग काय करू? सांगू सगळ्यांना, की तुमची अॅडमिन आठवीचं पुस्तक वाचून भाषण ठोकते? हसतील मला.

दीप्ती : हसतील. मलाही हसले. जानकीकाकू वर येऊन आईला सांगून गेल्या, "तुमची दीप्ती पुस्तकाच्या नावाखाली घरचं उगाळत होती." आई जेवली नाहीये. मी उद्यापासून परत जिन्याने जाणार, अनु. तुझं तू ठरव.

अनुपमा : ...थांब. ठेवू नकोस फोन. सौरभ, तुझ्या मोबाइलवर ग्रुप उघड. मी सांगते ते लिही. "मी अनुपमा. आपण सगळ्यांनी आठवीच्या मुलांसाठी कापलेलं पुस्तक वाचलं. ते सौरभने आणलं..."

सौरभ : हं?

अनुपमा : ते खोड. "ते मी सगळ्यांना वाटलं. मला कळलं नाही. अख्खं पुस्तक एकट्या दीप्तीने वाचलं होतं. मी तिला खोटं पाडलं. तिच्या घराबद्दल बोलले, तो माझा नीचपणा होता."

सौरभ : नीचपणा?

अनुपमा : टाक म्हटलं ना.

सौरभ : टाकलं. ...गंधालीने दात काढलेत. राजेशनेही.

अनुपमा : काढू देत. दीप्ती, आहेस ना?

दीप्ती : आहे. वाचलं. आईलाही दाखवलं.

अनुपमा : एक विचारू? ती मार्था निघते तेव्हा बरोबर काय घेते गं? तू सांगत होतीस तेवढ्यात...

दीप्ती : तेवढ्यात तू घंटी वाजवलीस.

अनुपमा : हो. सांग ना आता.

दीप्ती : फोनवर नाही. पुढच्या महिन्यात, हॉलमध्ये. माझी तीन मिनिटं राहिलीत.