दादाच्या लॅपटॉपमधले मासे

दादा वारला त्याला आठवडाच झाला होता, तेव्हाचं सांगतो. बोईसरच्या एका कारखान्याचे शेठ मुरबे गावात आमच्या घरी आले. दादाने त्यांच्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला होता. "तो आमच्या मालकीचा," ते म्हणाले. मी चिडून अख्खा लॅपटॉपच पुढे केला. "सगळंच न्या!"

उघडला तर फोल्डरांवर एकाही गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसती माशांची नावं. बोंबील, घोळ, सुरमई.

"आमचा घोळ, एवढं माहितीय," शेठ म्हणाले. "शेजारच्या कारखान्याचा कोणता रे?"

"काय माहीत! दादा फोनवर सुरमई, बोंबील करायचा. आईला वाटायचं, बाजाराचं बोलतो."

"मीही चार वर्षं विचारलं, दुसऱ्या कुणाचा मासा त्याने सांगितला नाही. नुसता हसायचा."

तेव्हा मला कळलं, एकाचं काम दुसऱ्याला कळू नये म्हणून दादाने माशांची नावं दिली होती. तेवढ्यात शेठचं बोट हळूच सुरमईवर गेलं. मी लॅपटॉप हिसकावला.

"तुमचा घोळ घ्या नि निघा, शेठ. बाकीचे मासे लोकांनी दादाकडे विश्वासाने ठेवायला दिलेत."