तीन उजवे दिवे

मावशी : हात मागे घे, ठिणगी. हे वायरिंग इतक्यात ट्रकमध्ये बसवायचं नाही.

ठिणगी : का गं? सगळं जोडायला तयार आहे! मी तर दिवे लागले की ओरडण्यासाठी घसासुद्धा खाकरून ठेवलाय.

मावशी : ओरडशील नंतर. आधी वायरी जोडायच्या या चार कपलरांवरच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाच.

ठिणगी : वाचते की. माझंच अक्षर आहे, बघ कसं छापल्यासारखं आलंय. "उजवा हेडलाइट". "उजवा हेडलाइट". "डावा हेडलाइट". आणि हा... "उजवा हेडलाइट".

मावशी : किती उजवे झाले?

ठिणगी : ...तीन.

मावशी : ट्रकला दिवे दोन. दिव्याकडचा एक कपलर, त्यात बसणारा वायरिंगकडचा एक. म्हणजे दोन उजवे, दोन डावे. हा तिसरा उजवा कुठून जन्माला घातलास?

ठिणगी : थांब, थांब, आठवते. ही चिठ्ठी लावली तेव्हा मी बॉनेटसमोर उभी होते, ट्रककडे तोंड करून. माझ्या उजव्या हाताला होता, म्हणून उजवा.

मावशी : आणि ही?

ठिणगी : ही केबिनमध्ये बसून. आणि ही गाडीखाली, उताणी पडून. मावशी, उताणं पडलं की उजवं कुठलं?

मावशी : ड्रायव्हरच्या सीटवरून जे उजवं, तेच उजवं. तू उभी राहा, आडवी पड, नाहीतर झाडाला उलटी लटक. गाडीचं डावं-उजवं गाडीच्या तोंडाप्रमाणे असतं. आपल्या नाही.

ठिणगी : हे मला कुणी सांगितलंच नाही!

मावशी : नाही सांगितलं. मला वाटलं, हे काय सांगायचं. हे आमच्या तोंडातच येत नाही, इतकं अंगवळणी पडलंय.

ठिणगी : म्हणजे फक्त दिव्यांचंच नाही... इंडिकेटर, हॉर्न, तो पंख्याचा जाडा... मी सगळीकडे अशीच फिरत फिरत चिठ्ठ्या लावल्यात. मावशी, आता यातली कुठली खरी मानायची?

मावशी : कुठलीच नाही. पुढच्या भागाची एकही चिठ्ठी आता खरी धरायची नाही.

ठिणगी : फोटो! अगं, फोटो आहेत की! तुझ्या त्या कपलरांच्या यादीसाठी मी प्रत्येक कपलर काढायच्या आधी फोटो काढलाय. हा बघ चौकोनी, चार पिनांचा. हा बघ, याचा एक कोपरा मुद्दाम छाटलाय, म्हणजे उलटा बसूच नये. कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी माझ्यासारख्या लोकांचा विचार करून ठेवला होता! मला तर त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मावशी : उलटा बसणार नाही हे खरं. पण चुकीच्या भावंडाच्या गळ्यात आरामात पडेल. बरं, फोटोत मागे ट्रक कुठाय?

ठिणगी : ट्रक...

मावशी : एकात तरी?

ठिणगी : जवळून काढले ना, पिना स्पष्ट याव्यात म्हणून.

मावशी : सगळ्यांचे पासपोर्ट फोटो काढलेस. चेहरा झकास, पत्ता गायब.

ड्रायव्हरकाका : ताई, येऊ का आत? अरे देवा. हिची आतडी अजून बाहेरच का?

ठिणगी : मावशी, काकांना नको ना सांगूस. आपण करू काहीतरी.

मावशी : गाडी त्यांची आहे, त्यांना सांगायचंच. काका, बसा त्या टायरवर. वायरिंग साफ झालं, गंजलेले सांधे बदलले, नुसतं दोऱ्यानं बांधून ठेवलंय. पण कुठला कपलर कुठल्या बाजूचा, त्यात घोळ झालाय.

ठिणगी : मी केला. माझ्यामुळे झाला.

ड्रायव्हरकाका : एवढंच ना? मग जोडून बघा. उलट निघालं तर पुन्हा बदलू. घाई मला आहे, पण पाच मिनिटं थांबेन की.

मावशी : दिव्यांचं चाललं असतं तसं. पण यातल्या एकात सरळ बॅटरीचा करंट येतो. तो भलत्या वायरीत घुसला, तर तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत सगळ्याची राख. आणि या ट्रकचं वायरिंग आता कुणी बनवत नाही. म्हणून तर मी दिसेल त्या जुन्या ट्रकच्या कपलरांची यादी करत बसते. किती पिनांचा, कुठं बसतो, कुणाशी जुळतो. हे जळलं तर नक्कल करायलाही नमुना उरणार नाही.

ड्रायव्हरकाका : वायरींच्या रंगावरून कळत नाही?

मावशी : तेलानं सगळ्या एकजात काळ्या. मीटर लावला तर तो सांगेल, ही वायर त्या टोकाला जाते. पण ते टोक डावीकडं बसतं का उजवीकडं, हे मीटरला काय ठाऊक?

ड्रायव्हरकाका : ताई, पोरगा संध्याकाळी भंगारवाल्याला घेऊन येतोय. दिवे लागत नाहीत, रस्त्यावर काढता येत नाही, नुसती दारात अडून बसलीय, म्हणतो. मी त्याला शब्द दिला. आज पेटली नाही तर ने. गंमत बघा, जन्मल्यावर त्याला दवाखान्यातून घरी आणलं ते याच केबिनमधून. आईच्या मांडीवर होता, हॉर्न वाजला की खुदकन हसायचा.

ठिणगी : काका, तुम्ही असं नका ना सांगू. मी रडेन, आणि रडताना मला काही सुचत नाही.

मावशी : मग रडू नकोस, काम कर. ते टेबलावरचं वायरिंग सरळ कर, आपण टोकापासून पुन्हा बघू.

ठिणगी : सरळ होतच नाही गं हे. मघापासून तळहातानं दाबतेय. सोडलं की पुन्हा वाकतं. एवढं हट्टी! आमच्या वर्गातल्या मॉनिटरपेक्षा हट्टी.

मावशी : जुनी वायर तशीच असते. वर्षानुवर्षं एकाच वळणात बसलेली, ती काय तुझं ऐकणार?

ठिणगी : काय म्हणालीस?

मावशी : तुझं ऐकणार नाही म्हटलं.

ठिणगी : त्याच्या आधी! एकाच वळणात. मावशी! म्हणजे तिला वळण माहितीये! आपण उगाच सरळ करत बसलोय. आपण तिला विचारायला पाहिजे!

मावशी : कुणाला?

ठिणगी : वायरिंगला! टेबल सोड, जमिनीवर ठेवू. काका, ते मधलं जाड टोक धरा. ओढायचं नाही. झोपलेलं बाळ ठेवतात ना, तसं ठेवायचं. आता सगळ्यांनी हात काढा. काढा, काढा. बघा.

ड्रायव्हरकाका : वळवळतंय की हे.

मावशी : श्श.

ठिणगी : थांबलं. मावशी... हे बघ. इथं चौकोनी वळसा आहे, इथं बॅटरी होती. इथं आडवं गेलंय, हा रेडिएटर. हा छोटा कुबड काढलेला तुकडा, ही स्टिअरिंगची दांडी, तिच्यावरून गेलंय. आणि हे दोन हात पुढं पसरलेत, दोन दिव्यांकडं. हात पसरून कुणीतरी उभं असल्यासारखे. मावशी, ट्रक इथंच आहे! नुसता पत्रा नाहीये!

मावशी : हो गं.

ठिणगी : मला आत्ता त्याच्या आतून चालता येईल. मी चालू का? इथं इंजिन, त्याला वळसा घालते. अगं, अंगावर काटा आला, हात लावून बघ! विज्ञानाच्या पुस्तकात माणसाच्या सगळ्या नसांचं चित्र आहे ना, त्याला हाड नाही, मांस नाही, तरी कळतं की हा माणूसच. तसं हे!

मावशी : इतकी वर्षं मी वायरिंग काढल्या काढल्या खुंटीला टांगत आले. सरळ लोंबावं, जागा अडू नये म्हणून. एकदाही खाली ठेवून बघितलं नाही.

ड्रायव्हरकाका : म्हणजे मी... इथं बसतो. बरोबर? या वळणाच्या मागे.

ठिणगी : बसा ना! खरंच बसा! तो डबा देते खाली.

ड्रायव्हरकाका : हं. हा इथं क्लच. हात इथं. हो, हो. हीच आहे. पोरी, डोळे मिटले तर हीच आहे.

मावशी : काका, एक शंका आहे. हे सगळं पालथं पडलं असेल तर? मग डावं-उजवं पुन्हा उलटच. पटणारा पुरावा पाहिजे. ठिणगी, वायरीवर ओणवी हो आणि काय दिसतं ते सांग. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत.

ठिणगी : चिठ्ठ्यांचं नाव नको काढूस. हा एक हात... याची वायर कडक झालीय, भाजल्यासारखी. बोटानं दाबली तर कुरकुरते. दुसऱ्या हाताची मऊ आहे. पण मऊवाल्या बाजूला, इथं मागे, या कपलरच्या पिना हिरव्यागार आहेत. शेवाळ धरल्यासारख्या.

मावशी : कडक झाली म्हणजे सायलेन्सरची धग. काका, सायलेन्सर कुठल्या बाजूनं जातो?

ड्रायव्हरकाका : क्लीनरच्या. बायको त्या बाजूला बसली की पाय भाजतात म्हणून भांडायची.

मावशी : म्हणजे डावी. आणि हे हिरवं पाण्यानं येतं. पण केबिनच्या आत पाणी कुठून आलं? तुमचं छप्पर तर धड आहे.

ड्रायव्हरकाका : हिरवा कपलर कुठला म्हणालात? माझ्या उजव्या गुडघ्यापाशी?

ठिणगी : तुम्ही डब्यावर बसलाय ना, तिथून बरोब्बर गुडघ्यापाशी.

ड्रायव्हरकाका : तिथं वर खिळा आहे एक. मीच ठोकलेला. भिजून आलो की रेनकोट त्यालाच. रात्रभर ठिबकायचा. ताई, तो रेनकोट मी हिच्यात पहिल्यांदा बसलो तेव्हापासून तिथंच टांगतोय.

ठिणगी : तुमचा रेनकोट लिहून ठेवलाय यानं! आणि काकूंचे भाजलेले पायसुद्धा! मावशी, सायलेन्सर तिकडे, खिळा इकडे, दोघंही एकच सांगतायत. हे सुलटंच पडलंय, बरोब्बर जसं गाडीत होतं तसं!

मावशी : दोन साक्षीदार, एकमेकांना न विचारता. आता मला पटलं. सगळ्या चिठ्ठ्या फाड, नव्या लिही. प्रत्येकीवर वर काय लिहायचं?

ठिणगी : "ड्रायव्हरच्या सीटवरून". एवढं ठळक लिहीन की आंधळ्यालाही वाचता येईल. आणि तुझ्या यादीत प्रत्येक कपलरसमोर वळणाचं चित्रपण मी काढणार. तू नाही म्हणालीस तरी काढणार.

मावशी : नाही कोण म्हणतंय? आधी लांबून एक फोटो काढ. सगळं मावेल असा.

ठिणगी : काकांसकट?

मावशी : काकांसकट. नाहीतर उजवं कुठलं, पुन्हा विसरशील.

(संध्याकाळ झाली आहे. वायरिंग ट्रकमध्ये बसलं आहे, ड्रायव्हरकाका केबिनमध्ये. बाहेर दुसरी एक गाडी येऊन थांबली आहे.)

ड्रायव्हरकाका : आला पोरगा. तो सोबतचा माणूस आत्ताच पत्र्यावर बोटं वाजवून बघतोय.

ठिणगी : ओ, हात नका लावू! अजून ही काकांची आहे!

मावशी : ठिणगी, गप्प. क्लिप लाव बॅटरीला.

ठिणगी : मी? खरंच मी?

मावशी : डाव्या हातानं केबल धर, उजव्यानं क्लिप दाब.

ठिणगी : माझ्या डाव्या ना?

मावशी : तुझ्याच. चल.

ठिणगी : लावली. ठिणगी नाही उडाली. मी सोडून कुठलीच नाही! वास नाही, धूर नाही...

मावशी : काका, हेडलाइट.

ठिणगी : मावशी. दोन्ही. दोन्ही गं! पिवळे, पिकल्या आंब्यासारखे! काका, तुम्हाला तिकडून दिसत नाहीये, ही उठलीय! हिनं डोळे उघडलेत! अगं, मला ओरडायचं होतं, ते राहिलंच की!

मावशी : हे ओरडणं नव्हतं होय?

ड्रायव्हरकाका : हॉर्न देऊ?

मावशी : द्या. तुमची गाडी, तुमचा हॉर्न.

ठिणगी : आई गं! भंगारवाला उडालाच जागेवर! आणि तुमचा मुलगा... काका, तुमचा मुलगा हसतोय. खुदकन.

ड्रायव्हरकाका : त्याला म्हणावं, फाटक उघड. घरी चाललोय मी. त्याला यायचं असेल तर त्याच्या आईच्या जागी बसावं, आणि पाय सांभाळावेत.

मावशी : दमानं काढा. बाहेर पडल्यावर वळणार कुठे?

ड्रायव्हरकाका : डावीकडं. पोरी, समोर उभी राहून बघ गं, इंडिकेटर देतोय.

ठिणगी : मिचकावतोय! काका, डावा लागला!

ड्रायव्हरकाका : कुणाचा डावा?

ठिणगी : तुमचा, काका. तुम्ही बसलाय ना, तिथून.